स्लीप, हायबरनेट की शट डाउन? संगणक ‘बंद’ करण्याचे प्रकार आणि त्यांतला फरक



संगणकाचं काम आटोपलं की आपण स्टार्टवर जातो, पॉवरच्या चिन्हावर क्लिक करतो आणि समोर तीन-चार पर्याय येतात. स्लीप, शट डाउन, रीस्टार्ट आणि काही संगणकांवर हायबरनेट. आपल्यापैकी बरेच जण सवयीने एकच पर्याय दाबतात. काही जण लॅपटॉपचं झाकण मिटून मोकळे होतात. आणि मुलं? मुलं तर मॉनिटरचं बटण दाबतात आणि म्हणतात, “सर, कॉम्प्युटर बंद केला!”

हे सगळे प्रकार वरून सारखेच दिसतात. पडदा काळा होतो, आवाज थांबतो. पण आत जे घडतं ते प्रत्येक वेळी वेगळं असतं. हा फरक माहीत नसला तर तासाभराची माहिती भरलेली एक्सेल शीट लाईट गेल्यावर नाहीशी होते, दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅपटॉप उघडावा तर बॅटरी शून्यावर असते, आणि सादिलमधून भरायचं वीजबिल विनाकारण वाढतं. म्हणून आज हा विषय अगदी मुळापासून समजून घेऊया. शेवटी वर्गात कसा शिकवायचा तेही पाहू.

आधी दोन जागा ओळखूया : फळा आणि वही

संगणक माहिती दोन ठिकाणी ठेवतो. पहिली जागा म्हणजे रॅम, म्हणजेच मेमरी. दुसरी जागा म्हणजे हार्ड डिस्क किंवा हल्लीची एसएसडी.

आपल्या भाषेत सांगायचं तर रॅम म्हणजे वर्गातला फळा आणि हार्ड डिस्क म्हणजे वही. आत्ता जे चाललंय ते फळ्यावर असतं. उघडलेली वर्डची फाइल, ब्राउझरमधले टॅब, अर्धवट लिहिलेला अर्ज, हे सगळं रॅममध्ये असतं. फळ्यावर लिहायला आणि वाचायला वेळ लागत नाही, म्हणून काम भराभर होतं. वहीत उतरवायला थोडा वेळ लागतो, पण वहीतलं टिकतं. आपण कंट्रोल आणि एस दाबून सेव्ह करतो तेव्हा फळ्यावरचं वहीत उतरवत असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. रॅमचा फळा विजेवर चालतो. रॅममधली माहिती अतिसूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि हा भार सतत गळत असतो. त्यामुळे संगणकाला तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळ्या रॅमची अशी उजळणी होते, म्हणजे एका सेकंदात पंधरा-एक वेळा! वीज थांबली की उजळणी थांबते आणि फळा आपोआप पुसला जातो. हार्ड डिस्कला असं काही लागत नाही. वीज असो वा नसो, तिच्यावरचं तसंच राहतं.

एवढी एक गोष्ट पक्की झाली की पुढचं सगळं सोपं आहे. प्रत्येक प्रकाराबाबत एकच प्रश्न विचारायचा : फळ्यावर जे लिहिलंय त्याचं काय झालं?

१) स्लीप : मधली सुट्टी

मधल्या सुट्टीत आपण फळा पुसत नाही. मुलं डबा खायला जातात, वर्ग शांत असतो, पण फळ्यावरचं गणित तसंच असतं. घंटा झाली की त्याच पायरीपासून पुढे सुरुवात होते.

स्लीपमध्ये अगदी हेच होतं. पडदा बंद, हार्ड डिस्क बंद, प्रोसेसर थांबलेला, पंखा थांबलेला. फक्त रॅमला थोडीशी वीज मिळत राहते. त्यामुळे उघडलेल्या सगळ्या फायली जिथल्या तिथे असतात. माउस हलवला किंवा एखादी कळ दाबली की दोन-चार सेकंदांत संगणक जागा होतो. बऱ्याच संगणकांवर स्लीपमध्ये पॉवरचा दिवा हळूहळू मिचमिचत असतो. तो दिवा म्हणजे “मी झोपलोय, बंद झालेलो नाही” अशी खूण.

स्लीपमध्ये साधा डेस्कटॉप काही वॅट एवढीच वीज घेतो. चालू संगणकाच्या मानाने हे अगदी नगण्य आहे. पण ते शून्य नाही, आणि इथेच धोका आहे. डेस्कटॉप स्लीपमध्ये असताना लाईट गेली तर रॅमची वीज तुटते आणि सेव्ह न केलेलं सगळं काम जातं. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो म्हणून तो लगेच दगा देत नाही, पण बॅटरी हळूहळू उतरत राहते.

हल्लीच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये स्लीपचा वेगळा प्रकार असतो. त्याला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. यात लॅपटॉप मोबाइलसारखा अर्धवट जागा असतो, इंटरनेटशी जोडलेला राहू शकतो, अधूनमधून मेल तपासतो. झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला आणि घरी जाऊन काढला तर तो गरम लागतो, असा अनुभव अनेकांना येतो तो यामुळेच. बॅगेत हवा खेळत नाही. म्हणून प्रवासाला निघताना झाकण मिटण्यावर भिस्त ठेवू नका.

२) हायबरनेट : फळा वहीत उतरवून कुलूप

थंड प्रदेशातले काही प्राणी हिवाळ्यात शीतनिद्रा घेतात हे आपण परिसर अभ्यासात शिकवतो. हायबरनेट हा शब्द तिथूनच आलाय.

शाळा सुटण्याची वेळ झाली, फळ्यावरचं गणित मात्र अर्धवट आहे. अशा वेळी आपण काय करतो? फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरवून घेतो, मग फळा पुसला गेला तरी हरकत नाही. वर्गाला कुलूप लावतो. दुसऱ्या दिवशी वहीतलं पुन्हा फळ्यावर लिहितो आणि पुढे चालू.

हायबरनेट करताना संगणक रॅममधली सगळी स्थिती हार्ड डिस्कवरच्या एका खास फाइलमध्ये लिहितो आणि मग स्वतःला पूर्ण बंद करतो. ही फाइल विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर लपवलेली असते. परत चालू केल्यावर ती फाइल वाचून रॅम पूर्ववत भरली जाते. तुमची वर्डची फाइल, एक्सेल शीट, अगदी कर्सरसुद्धा जिथे होता तिथे!

याला रॅमसाठी वीज लागत नाही. लाईट जावो, प्लग काढा, लॅपटॉपची बॅटरी संपो, काम सुरक्षित. मात्र जागं व्हायला स्लीपपेक्षा जास्त वेळ लागतो. एसएसडी असेल तर थोडी वाट पाहावी लागते, जुनी हार्ड डिस्क असेल तर एखादं मिनिटसुद्धा जातं. शिवाय ती फाइल जागा अडवते. विंडोज १० मध्ये ती सहसा रॅमच्या ४० टक्के एवढी धरलेली असते. म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर सव्वातीन जीबीच्या आसपास.

३) हायब्रिड स्लीप : दोन्हींचा मेळ

मधली सुट्टी आहे, फळा तसाच ठेवायचाय, पण कुणी खोडकर मुलगा पुसेल अशी भीती आहे. मग आपण फळाही तसाच ठेवतो आणि वहीतही उतरवून घेतो. हायब्रिड स्लीप म्हणजे हेच.

संगणक रॅमची नक्कल डिस्कवर घेतो आणि मग स्लीपमध्ये जातो. लाईट टिकली तर चटकन जागा होतो, लाईट गेली तर डिस्कवरच्या नकलेतून काम परत आणतो. हा प्रकार मुख्यतः डेस्कटॉपसाठी केलेला आहे. स्टार्टच्या मेनूत तो वेगळा दिसत नाही. पॉवर ऑप्शन्सच्या बारीक सेटिंग्जमध्ये असतो आणि चालू असेल तर ‘स्लीप’ दाबल्यावर आपोआप होतो. ज्या गावात दिवसातून चार वेळा लाईट जाते, तिथे डेस्कटॉपवर ही सेटिंग चालू आहे का हे एकदा अवश्य बघावं.

४) शट डाउन : फळा पुसून, वर्ग आवरून कुलूप

शट डाउन दिल्यावर संगणक लगेच बंद का होत नाही, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. कारण तो वर्ग आवरत असतो. आधी प्रत्येक प्रोग्रामला “आवरा आता” असा निरोप जातो. सेव्ह न केलेली फाइल असेल तर प्रोग्राम आपल्याला विचारतो. मग पार्श्वभूमीला चाललेली कामं एकेक करून थांबवली जातात. डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकलं जातं. सगळं झाल्यावर शेवटी वीज तोडली जाते.

म्हणूनच मुख्य बटण दाबून धरून किंवा प्लग ओढून संगणक बंद करू नये. बटण चारपेक्षा जास्त सेकंद दाबून धरलं की बहुतेक संगणक काहीही न आवरता वीज तोडतात. त्या क्षणी डिस्कवर लिहिणं चालू असेल तर ती फाइल खराब होऊ शकते, कधी विंडोजच्याच फायली बिघडतात. संगणक पूर्ण अडकला, काहीच हलेना, तरच हा शेवटचा उपाय.

थोडा इतिहासही सांगतो. विंडोज ९५ च्या काळातल्या अनेक संगणकांवर शट डाउन दिल्यावर पडद्यावर नारिंगी अक्षरांत संदेश यायचा की आता संगणक बंद करायला हरकत नाही. मग आपण उठून हाताने बटण दाबायचं! पुढे १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून वीज व्यवस्थापनाचं एक मानक आणलं. त्याचं नाव एसीपीआय. चालू अवस्थेला एस-०, स्लीपला एस-३, हायबरनेटला एस-४ आणि शट डाउनला एस-५ असे क्रमांक त्यातच आहेत. हे क्रमांक लक्षात ठेवायची गरज नाही, पण कुठे वाचनात आले तर गोंधळू नका.

५) शट डाउन आणि रीस्टार्ट सारखे नाहीत!

हा मुद्दा बऱ्याच अनुभवी मंडळींनाही माहीत नसतो. “संगणक अडकतोय, बंद करून चालू करा,” असं आपण फोनवर सांगतो. समोरचा शट डाउन करतो, पुन्हा चालू करतो, आणि अडचण तशीच! असं का?

२०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता त्याची नक्कल डिस्कवर ठेवली जाते. म्हणजे मुलांच्या वह्या-दप्तरं उचलली, पण बाकांची मांडणी जशी होती तशी नोंदवून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती मांडणी चटकन लागते, संगणक लवकर सुरू होतो. पण एखादं बाक मोडकं असेल तर तेही तसंच परत येतं!

रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने मांडलं जातं. म्हणून :

- प्रिंटर ओळखत नाही, आवाज येत नाही, संगणक अडखळतोय, तर रीस्टार्ट करा.
- पूर्ण शट डाउन हवा असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. त्या वेळेपुरता फास्ट स्टार्टअप वगळला जातो.
- ज्या शाळेत एकाच संगणकावर विंडोज आणि उबंटू दोन्ही आहेत, तिथे फास्ट स्टार्टअप बंद ठेवलेला बरा. नाहीतर उबंटूमधून विंडोजच्या ड्राइव्हवर फाइल ठेवताना अडचण येते.

६) लॉक, साइन आउट आणि स्क्रीन सेव्हर यांचं काय?

हे तिन्ही वीज वाचवण्याचे प्रकार नाहीत, पण त्यांची गल्लत होते.

लॉक म्हणजे वर्ग चालू ठेवून फक्त दार लावणं. विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि एल ही कळ एकत्र दाबली की लॉक होतं. आपल्या संगणकावर विद्यार्थ्यांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, बँक खात्याची माहिती असते. जागेवरून उठताना लॉक करण्याची सवय प्रत्येक शिक्षकाला हवी. स्लीप केलं तरी जागं होताना पासवर्ड विचारला जातो ना, हे तपासून ठेवा.

साइन आउट म्हणजे आपले प्रोग्राम बंद करून आपल्या खात्यातून बाहेर पडणं. संगणक चालूच राहतो.

स्क्रीन सेव्हर तर वीज वाचवतच नाही. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग पडायचा, म्हणून हलती चित्रं आली. आजच्या मॉनिटरवर मासे पोहत असले तरी वीज पूर्ण खर्च होत असते.

आणि मॉनिटरचं बटण दाबणं म्हणजे फळ्यावर पडदा टाकणं. मागे वर्ग पूर्ण जोरात चालूच असतो!

विजेचा हिशोब : पाचवी-सहावीसाठी छान गणित

एक युनिट म्हणजे १००० वॅट एक तास. आता एक उदाहरण घेऊ. संगणक कक्षात १० संगणक आहेत. हिशोबापुरतं धरू की चालू असताना मॉनिटरसह प्रत्येकी ८० वॅट, स्लीपमध्ये ३ वॅट आणि शट डाउन केल्यावर पण प्लगचं बटण चालू असताना १ वॅट लागते. संध्याकाळी ५ ते सकाळी १० म्हणजे १७ तास.

- चालूच राहिले : १० × ८० × १७ = १३,६०० वॅट-तास, म्हणजे १३.६ युनिट
- स्लीपमध्ये ठेवले : १० × ३ × १७ = ५१० वॅट-तास, म्हणजे ०.५१ युनिट
- शट डाउन केले : १० × १ × १७ = १७० वॅट-तास, म्हणजे ०.१७ युनिट
- शट डाउन करून भिंतीवरचं बटणही बंद केलं : शून्य

महिन्याच्या २५ रात्री धरल्या तर पहिल्या ओळीचे ३४० युनिट होतात, दुसरीचे पावणेतेरा आणि तिसरीचे सव्वाचार. मुलांना घरचं वीजबिल आणायला सांगा आणि त्यावरच्या दराने रुपये काढायला लावा. दशांश अपूर्णांक, गुणाकार आणि व्यवहार, तिन्ही एकाच गणितात!

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. स्लीप आणि शट डाउन यांच्या खर्चात फार मोठा फरक नाही. मोठा फरक आहे तो ‘चालूच ठेवणं’ आणि बाकी सगळं यांच्यात. शट डाउनला वेळ लागतो म्हणून कंटाळा करून संगणक चालू ठेवण्यापेक्षा स्लीप केव्हाही चांगलं.

लाईट गेली तर?

आपल्याकडचा हा सगळ्यात मोठा प्रश्न.

यूपीएस असेल तर लक्षात ठेवा, तो काम चालू ठेवण्यासाठी नसून काम आवरण्यासाठी असतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस एका डेस्कटॉपला ढोबळमानाने दहा-पंधरा मिनिटं देतो, बॅटरी जुनी असेल तर त्याहून बरीच कमी. बीप ऐकू आली की आधी सेव्ह, मग हायबरनेट किंवा शट डाउन. “येईल पाच मिनिटांत लाईट” म्हणून स्लीप करून ठेवलं आणि यूपीएस संपला, तर व्हायचं ते होतंच. यूपीएसवर लेझर प्रिंटर कधीही लावू नका, तो एकदम जास्त वीज ओढतो.

अवकाळी पावसात विजा कडाडायला लागल्या की शट डाउन किंवा हायबरनेट करून प्लगच काढावा. स्लीपमध्ये प्लग काढता येत नाही, आणि प्लग जोडलेला असेल तर तारेतून येणाऱ्या जादा दाबाचा धोका राहतोच.

आता एक असा मुद्दा जो शिक्षकांच्या रोजच्या कामाचा आहे. यू-डायस, शिष्यवृत्तीचे अर्ज किंवा विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंदणी भरताना मध्येच संगणक हायबरनेट केला, तर परत आल्यावर अर्धवट अर्ज पडद्यावर दिसेल. पण तो पुढे जाईलच असं नाही! कारण संकेतस्थळाचा सर्व्हर ठराविक वेळ वाट पाहून आपल्याला बाहेर काढतो. आपला फळा आपण जपला, पण पलीकडच्या कार्यालयाची खिडकी बंद झाली. म्हणून ऑनलाइन अर्जात प्रत्येक टप्प्यावर सेव्ह किंवा ड्राफ्टचा पर्याय वापरायचा, आणि सगळी माहिती आधी एक्सेलमध्ये किंवा कागदावर तयार ठेवायची. एका मुलाचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी राहिला तर त्याचं वर्षभराचं नुकसान होतं. त्यापुढे आपली दहा मिनिटांची तयारी काहीच नाही.

मग कधी काय निवडावं?

- पाच-दहा मिनिटं बाहेर जायचंय : लॉक
- मधली सुट्टी, परिपाठ, एखादा तास : स्लीप, पण आधी सेव्ह
- काम अर्धवट आहे आणि दोन-चार तासांनी किंवा उद्या सकाळी तिथूनच सुरू करायचंय : हायबरनेट
- लॅपटॉप बॅगेत घालून केंद्रशाळेत किंवा प्रशिक्षणाला न्यायचाय : हायबरनेट किंवा शट डाउन
- दिवसाचं काम संपलं : शट डाउन आणि भिंतीवरचं बटण बंद
- दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी : शट डाउन, प्लग काढलेला, लॅपटॉपची बॅटरी साधारण निम्मी भरलेली. पूर्ण रिकामी बॅटरी महिनाभर पडून राहिली तर ती खराब होऊ शकते.
- संगणक उघडून धूळ साफ करायची किंवा रॅम बदलायची : पूर्ण शट डाउन आणि प्लग काढूनच. स्लीपमध्ये आत वीज असते, मुलांना तर जवळही येऊ देऊ नका.
- अडखळतोय, अपडेट झालंय : रीस्टार्ट

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा एक साधा सल्लाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ वापर नसेल तर मॉनिटर बंद करावा, आणि दोन तासांपेक्षा जास्त वेळ नसेल तर मॉनिटर आणि संगणक दोन्ही बंद करावेत.

हायबरनेट दिसतच नसेल तर?

विंडोज १० आणि ११ मध्ये बऱ्याचदा हा पर्याय लपवलेला असतो. तो असा आणा :

१. कंट्रोल पॅनल उघडून पॉवर ऑप्शन्समध्ये जा.
२. डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ वर क्लिक करा.
३. वरच्या बाजूला ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही निळी ओळ दिसेल, तिच्यावर क्लिक करा.
४. खाली हायबरनेटसमोरच्या चौकोनात खूण करा आणि ‘सेव्ह चेंजेस’ दाबा.

फास्ट स्टार्टअप चालू-बंद करण्याची खूणही याच ठिकाणी आहे. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर काय व्हावं हेही पॉवर ऑप्शन्समध्येच ठरवता येतं. उबंटूवर स्लीपला सस्पेंड म्हणतात, नाव वेगळं पण काम तेच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*वारंवार बंद-चालू केल्याने संगणक लवकर खराब होतो का?* दिवसातून एक-दोनदा बंद-चालू केल्याने आजच्या संगणकाला काही होत नाही. सतत चालू राहिल्याने पंखा आणि इतर भाग जास्त झिजतात, धूळही जास्त ओढली जाते.

*स्लीपमध्ये डाउनलोड चालू राहतं का?* साध्या स्लीपमध्ये नाही. मोठी फाइल डाउनलोड होत असेल तर फक्त मॉनिटर बंद करा आणि संगणक चालू ठेवा.

*पेन ड्राइव्ह कधी काढावा?* त्यावरच्या फायली बंद करून, पेन ड्राइव्ह नीट इजेक्ट करून, मगच. संगणक झोपलेला असताना उपटून काढू नका. जागा झाल्यावर तो त्याच पेन ड्राइव्हला शोधतो.

*मोबाइलचं बटण दाबलं की तो बंद होतो का?* नाही, फक्त पडदा बंद होतो. मोबाइल जागाच असतो, म्हणून तर फोन येतो! मुलांच्या हातात आधी मोबाइल येतो, त्यामुळे ‘पडदा काळा म्हणजे बंद’ अशी त्यांची समजूत होते. ती आपणच दुरुस्त करायची.

वर्गात कसं शिकवाल?

संगणक नसला तरी हा पाठ रंगतो. तीन मुलं पुढे बोलवा. एक ‘रॅम’, त्याच्या हातात पाटी. दुसरा ‘हार्ड डिस्क’, त्याच्या हातात वही-पेन. तिसरी ‘वीज’, तिचा हात वर. नियम एकच : विजेचा हात खाली गेला की रॅमने पाटी पुसायची.

पाटीवर कुणाला तरी पाच शब्द लिहायला सांगा. मग एकेक आज्ञा द्या. ‘स्लीप’ म्हटलं की सगळे डोळे मिटतील, पण विजेचा हात वरच. ‘लाईट गेली’ म्हटलं की हात खाली, पाटी कोरी! वर्गात हशा पिकतो आणि स्लीपमधला धोका मुलांना कायमचा कळतो. ‘हायबरनेट’ म्हटलं की आधी पाटीवरचे शब्द वहीत उतरवायचे, मगच हात खाली. ‘परत चालू’ म्हटलं की वहीतले शब्द पाटीवर. शेवटी ‘शट डाउन’ म्हटलं की रॅमने आधी विचारायचं, “हे ठेवायचंय का?” आणि उत्तर मिळाल्यावरच पाटी पुसायची.

संगणक कक्ष असेल तर मोठ्या मुलांना घड्याळ लावून मोजायला सांगा : स्लीपमधून, हायबरनेटमधून आणि शट डाउनमधून संगणक तयार व्हायला किती सेकंद लागतात? प्रत्येकी तीन वेळा मोजून सरासरी काढायची आणि स्तंभालेख काढायचा. फास्ट स्टार्टअप चालू आणि बंद ठेवूनही मोजता येईल. आकडे प्रत्येक संगणकाचे वेगळे येतील, आणि ते का वेगळे आले यावरची चर्चा हाच खरा पाठ.

मूल्यमापनासाठी हे चार प्रश्न द्या :

१. स्लीपमध्ये असलेल्या डेस्कटॉपचा प्लग निघाला तर काय होईल? का?
२. हायबरनेट केलेल्या लॅपटॉपची बॅटरी संपली तर काम जाईल का?
३. शाळेला दोन दिवस सुट्टी आहे. संगणक कक्ष कसा बंद कराल? क्रमाने लिहा.
४. मॉनिटर बंद केला म्हणजे संगणक बंद झाला का? कारण सांगा.

संगणक कक्षाच्या दारावर एक छोटा फलकही लावता येईल : ‘आधी सेव्ह, मग शट डाउन, शेवटी भिंतीवरचं बटण.’ दर आठवड्याला दोन विद्यार्थ्यांकडे ही जबाबदारी सोपवा. आपल्या बहुतेक शाळांतले संगणक कुणाच्या तरी देणगीतून, गावाच्या लोकवर्गणीतून आलेले असतात. ते दहा वर्षं टिकले तर दहा वर्गांची मुलं त्यावर शिकतील. आणि पालकहो, घरी मूल संगणकावरून उठलं की त्याला एवढंच विचारा, “बाळा, तू तो झोपवलास की बंद केलास?” उत्तर विचार करून आलं की समजा, पाठ पोहोचला.